नकाशा आणि वाटसरू

काही वर्षांपूर्वी पेसाखच्या सणातील मधल्या दिवसांत मी माझ्या नातवाबरोबर दिमोनाच्या दक्षिणेकडील उघड्या डोंगरांत एका दिवसाच्या पदयात्रेस निघालो होतो. नातू तेव्हा सोळा वर्षांचा होता. नकाशा माझ्या कपाटातला होता. सत्तरीच्या दशकात विकत घेतलेला, १:१,००,००० या प्रमाणाचा आणि घड्यांवर विरलेला. त्यावर आमच्या वाटेच्या साधारण मध्यावर एक लहानशी निळी खूण होती व तिच्या शेजारी हिब्रूत 'बोर', म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके, असा शब्द छापलेला होता. त्या एका खुणेच्या भरवशावर मी घरातून निघताना पाण्याच्या दोन बाटल्या कमी घेतल्या. ओझे कमी करण्याची माझी ही हौस आम्हाला फार महाग पडणार होती.

दुपारी एकच्या सुमारास आम्ही त्या ठिकाणी पोहोचलो. टाके जागेवर होते. उतरण्याच्या पायऱ्याही शाबूत होत्या. आत मात्र गुडघाभर वाळलेला गाळ व त्यावर उगवलेली काटेरी झुडपे होती, पाण्याचा थेंब नव्हता. परतीचा रस्ता तीन तासांचा असेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पाच तास लागले, कारण मधला एक कडा त्या नकाशात दिसतच नव्हता व त्याला वळसा घालावा लागला. सायंकाळी डांबरी सडकेवर आलो तेव्हा मुलाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. एका अनोळखी ट्रकचालकाने थांबून आम्हाला पाणी दिले. मुलाने दिवसभरात एकदाही तक्रार केली नव्हती, याचीच मला अधिक लाज वाटली. पाणी पिऊन झाल्यावर त्याने एवढेच विचारले, "सबा, नकाशा खोटे बोलतो का?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी या देशाच्या नकाशांचा इतिहास जमेल तसा वाचला आणि माझ्या ध्यानात आले की नकाशा खोटे बोलत नाही. तो आपल्या काळापुरते व आपल्या कामापुरते खरे बोलतो. कोणत्या काळाचे आणि कोणाच्या कामाचे, हे विचारणे वाटसरूचे कर्तव्य होय, आणि ते मी केले नव्हते. हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

ऐकीव आणि पाहिलेले

या भूमीचा आज अस्तित्वात असलेला सर्वांत जुना मोठा नकाशा कागदावर नाही, तर फरशीवर आहे. जॉर्डनमधील मादबा गावाच्या चर्चमध्ये सहाव्या शतकात रंगीत दगडी तुकड्यांनी तो जडवलेला आहे. त्यात वरची दिशा उत्तर नसून पूर्व आहे. यरुशलेम इतर सर्व नगरांहून मोठे व तपशीलवार काढले आहे, कारण पाहणाऱ्याच्या मनात त्याचे स्थान तेवढे मोठे होते. यार्देन नदीतून मृत समुद्राकडे जाणारा एक मासा खारट पाण्याच्या भीतीने परत फिरलेला त्यात दिसतो. अंतर मोजण्यासाठी हा नकाशा निरुपयोगी आहे. पण यात्रेकरूला कोणती स्थळे वंदनीय आहेत हे सांगण्याचे आपले काम तो चोख करतो. प्रत्येक नकाशा कोणत्या तरी कामासाठीच जन्मास येतो, हा पहिला धडा येथेच मिळतो.

दुसरा धडा नेपोलियनच्या सैन्याने दिला. १७९९ साली हे सैन्य मिसरमधून किनाऱ्याकिनाऱ्याने अक्कोपर्यंत आले व तेथून मागे फिरले. त्याच्याबरोबर पिएर जाकोतँ हा भूमापक अभियंता होता. त्याच्या देखरेखीखाली झालेल्या १:१,००,००० प्रमाणाच्या मोठ्या नकाशासंचात या देशाचे सहा तक्ते आहेत. जेथून सैन्य गेले तेथे हे तक्ते बरे आहेत. पण सैन्य यरुशलेमला गेलेच नाही, आणि तेथील डोंगराळ मुलूख बराचसा ऐकीव माहितीवर काढलेला आहे. कागदावर मात्र पाहिलेला डोंगर व ऐकलेला डोंगर एकाच शाईने छापलेले असतात.

रमल्याच्या मैदानातील रेषा

आधुनिक अर्थाने मोजणी सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४-६५ मध्ये कॅप्टन चार्ल्स विल्सन याने यरुशलेम शहराची मोजणी केली. शहराच्या पाणीपुरवठ्याची सुधारणा करता यावी म्हणून बर्डेट-कूट्स या धनाढ्य इंग्रज बाईंनी तिचा खर्च उचलला होता. १८६५ साली लंडनमध्ये पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड ही संस्था स्थापन झाली आणि १८७१ पासून तिने यार्देनच्या पश्चिमेकडील संपूर्ण प्रदेशाची मोजणी हाती घेतली. पैसा जनतेच्या वर्गणीचा होता, प्रेरणा पवित्र ग्रंथातील स्थळे शोधण्याची होती, आणि माणसे ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलातील होती. या तिन्ही गोष्टींचे ठसे त्या नकाशावर उमटलेले आहेत.

अशा मोजणीत प्रथम सपाट मैदानावर काही मैलांची एक आधाररेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजतात. मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे थिओडोलाइट रोखून कोन मोजतात. एक बाजू व दोन कोन समजले की त्रिकोण पुरा होतो. त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे करीत सारा देश त्रिकोणांच्या जाळ्यात बांधला जातो. हीच रीत विल्यम लॅम्बटन याने १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून हिंदुस्थानात सुरू केली होती, आणि तीच पुढे हिमालयापर्यंत पोहोचली. सह्याद्रीत हिंडलेल्या आपल्या वाचकांनी एखाद्या माथ्यावर मोजणीच्या खुणेचा चौथरा पाहिला असेल. तो या जाळ्याचाच एक धागा होय.

या देशातील त्या मोजणीची पहिली आधाररेषा १८७१ साली रमल्याजवळच्या मैदानात मोजली गेली. रमला आणि लोद येथे आपल्या समाजाची कितीतरी कुटुंबे आज पिढ्यानपिढ्या राहत आहेत. ज्या मातीवर ती साखळी पसरली गेली, तेथून जवळच आपली घरे उभी आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

काम सोपे नव्हते. ज्याने सुरुवात केली तो कॅप्टन स्टुअर्ट लवकरच आजारी पडून परतला. १८७२ मध्ये क्लॉड कॉन्डर या तरुण अधिकाऱ्याने सूत्रे हाती घेतली. त्याचा सहकारी चार्ल्स टिरव्हिट-ड्रेक १८७४ मध्ये यरुशलेम येथे तापाने वारला. त्याच्या जागी आलेला तरुण अधिकारी म्हणजे हर्बर्ट किचनेर. हाच पुढे १९०२ ते १९०९ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती झाला. १८७५ च्या जुलै महिन्यात त्सफातजवळ या तुकडीवर हल्ला झाला, कॉन्डर व किचनेर दोघेही जखमी झाले, आणि मोजणी थांबली. किचनेरने १८७७ मध्ये परत येऊन गालीलचे काम पुरे केले. १८८० साली एका इंचास एक मैल या प्रमाणाचा नकाशा २६ तक्त्यांत प्रसिद्ध झाला.

वाटसरूच्या दृष्टीने या नकाशातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्यातील नावे. प्रत्येक ओढा, झरा, टेकाड, पडके गावठाण यांची नावे त्या त्या ठिकाणच्या लोकांना विचारून अरबी लिपीत टिपून घेतली गेली. त्यांची यादी एडवर्ड पामर याने १८८१ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने संपादित केली. डोळ्यांनी पाहिलेल्या भूमीला कानांनी ऐकलेल्या नावांची जोड मिळाली. गुराखी आणि शेतकरी हे त्या नकाशाचे अनाम सहलेखक आहेत.

परंतु हा नकाशा पवित्र ग्रंथाच्या मर्यादेत, 'दानपासून बैर-शेबापर्यंत', काढलेला होता. त्याखालचा नेगेव त्यात नव्हता. याच पामर व टिरव्हिट-ड्रेक यांनी १८६९-७० मध्ये सीनाय व नेगेव पायी तुडवला होता. पण मोजणी अशी झाली ती १९१४ च्या आरंभी. तेव्हा किचनेर कैरोत ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी होता. कॅप्टन न्यूकम याने वाळवंटाचे मापन केले, आणि त्याच्याबरोबर लेनर्ड वुली व टी. ई. लॉरेन्स हे दोन पुराणवस्तु-संशोधक होते. संशोधन खरे होते, पण ते लष्करी मोजणीचे पांघरूणही होते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

त्या युद्धातील एक प्रसंग आपल्या समाजास परिचित आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर व म्हैसूरच्या घोडदळांनी हैफा जिंकले आणि मेजर दलपतसिंह शेखावत तेथे धारातीर्थी पडले. जोधपूरचे स्वार प्रथम कीशोन नदीकडे वळले होते. पण काठची वाळू रुतणारी आहे हे पुढच्या घोड्यांचे पाय फसल्यावर कळले व त्यांना कर्मेलच्या पायथ्याकडे वळावे लागले. नकाशात नदी असते, तिच्या काठची ओल असतेच असे नाही. ज्या गोष्टी पाऊल टाकल्यावरच कळतात, त्या सांगण्याची अपेक्षा कागदाकडून करू नये.

जांभळी अक्षरे आणि रंगीत पट्टे

ब्रिटिश अमलात १९२० साली येथे भूमापन खाते स्थापन झाले. त्याचा मुख्य हेतू वाटसरूची सोय हा नव्हता, तर जमिनीची मालकी ठरविणे हा होता. या खात्याने देशावर किलोमीटरच्या चौकटींचे जाळे आखले. गाझाजवळच्या अली अल-मुंतार या टेकडीच्या १०० किलोमीटर पश्चिमेस व १०० किलोमीटर दक्षिणेस शून्य मानून सर्व अंतरे मोजली गेली. १९४८ नंतर इस्राएलच्या खात्याने हेच १:१,००,००० चे तक्ते वापरले व इंग्रजी छपाईवर जांभळ्या शाईत हिब्रू अक्षरे उमटवली. युद्धात ओस पडलेल्या गावांशेजारी 'हारूस', म्हणजे उद्ध्वस्त, असा शब्द त्याच शाईत आढळतो. १९४९ मध्ये नेगेवमधील स्थळांना हिब्रू नावे देण्यासाठी सरकारने एक समिती नेमली, आणि शेकडो वाद्या, टेकड्या व झरे नव्या नावांनी नोंदले गेले. यामुळे जुने प्रवासवर्णन एका हातात व नवा नकाशा दुसऱ्या हातात घेऊन चालणाऱ्याची आजही त्रेधा उडते. स्थळ तेच असते, नाव दुसरे असते.

पायी हिंडण्याची परंपरा या देशात राज्यस्थापनेपूर्वीच रुजली होती. तरुणांच्या संघटना मसादापर्यंत चालत जात, आणि झेव विल्नाई यांच्या मार्गदर्शक पुस्तकांनी अनेक पिढ्यांना वाटा दाखविल्या. १९५३ मध्ये निसर्गसंरक्षण संस्था स्थापन झाली व १९६४ मध्ये वाटांवर खुणा करणारी समिती अस्तित्वात आली. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लाल, निळा, हिरवा वा काळा पट्टा, ही तिची खूण आज दगडोदगडी दिसते. चिन्हांकित वाटांची एकूण लांबी १०,००० किलोमीटरच्या आसपास आहे. याच वाटा दाखविणारे १:५०,००० चे २० तक्ते हेर्मोनपासून एलातपर्यंतचा देश व्यापतात. १९९५ मध्ये दानपासून एलातपर्यंतची राष्ट्रीय पायवाट खुली झाली. तिच्या खुणेतील पांढरा रंग हेर्मोनच्या बर्फाचा, निळा समुद्राचा आणि नारिंगी वाळवंटाचा. देवळासाठी, सैन्यासाठी, सातबाऱ्यासाठी निघालेला नकाशा अशा रीतीने अखेर चालणाऱ्याच्या हाती आला.

आपल्यापैकी जे कोकणातून व मुंबईतून आले त्यांच्या बाबतीत या घटनेचे महत्त्व विशेष आहे. हिंदुस्थानात किनाऱ्यालगतच्या मुलखाचे मोठ्या प्रमाणावरील तक्ते सर्वसाधारण नागरिकास सहजी मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांसाठी मुक्त असलेली मालिका वेगळी केली व २०२१ मध्ये निर्बंध आणखी सैल झाले. आम्ही मुलगे मात्र अलिबाग व पेणच्या बाजूस नकाशाविनाच हिंडलो. खंडाळ्याचा एलियाहू हान्नबीचा टापा कोठे आहे हे कोणी कागदावर पाहिले नव्हते. वडीलधारी माणसे पुढे चालत आणि आम्ही मागून. नकाशाची सवय आम्हाला नव्हती, म्हणूनच या देशात आल्यावर छापील कागदावर आम्ही गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला.

निवडताना काय पाहावे

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट प्रमाण. १:५०,००० च्या नकाशावर जमिनीवरील एक किलोमीटर २ सेंटिमीटर भरतो, १:१,००,००० वर १ सेंटिमीटर, आणि मोटारीच्या १:२,५०,००० वर अवघे ४ मिलिमीटर. माझ्या वाटेतील कडा लपला तो याच आकुंचनात. पायी जाणाऱ्याने १:५०,००० हून लहान प्रमाण चालण्यासाठी वापरू नये. त्याचा उपयोग घरी बसून बेत आखण्यापुरता करावा.

दुसरी गोष्ट वर्ष. कोपऱ्यात छापलेले वर्ष वाचल्याशिवाय नकाशा उघडू नये. १८८० च्या तक्त्यावर हुला सरोवर भरलेले आहे. १९५१ ते १९५८ या काळात ते कोरडे करण्यात आले. मृत समुद्राचे उदाहरण याहून बोलके आहे. १९०० साली त्याची पातळी मोजण्यासाठी एन फश्खाच्या दक्षिणेस काठावरच्या खडकात एक रेघ कोरण्यात आली व संस्थेची आद्याक्षरे लिहिण्यात आली. तेव्हा पाणी त्या खडकाच्या पायाशी होते. आज त्या खडकाखालून हमरस्ता जातो आणि पाणी दूरवर खाली दिसते. समुद्राची पातळी उणे ४३० मीटरच्याही खाली गेली असून ती दरवर्षी सुमारे एक मीटरने घटत आहे. मागे उरलेल्या जमिनीत ऐंशीच्या दशकापासून अचानक खचणारे खड्डे पडू लागले आहेत. जुन्या नकाशावर जेथे निळे पाणी आहे तेथे आज पाऊल टाकणे जिवावर बेतू शकते. तेथे नवा नकाशा व कुंपणावरील सूचना यांवाचून जाऊ नये.

तिसरी गोष्ट चौकट. १९९८ पासून देशात नवी निर्देशांक-पद्धत लागू आहे. जुन्या पुस्तकात यरुशलेमचे जुने शहर १७२/१३१ असे दिलेले असेल, तर नव्या नकाशावर तेच २२२/६३१ असे येते. पहिल्या आकड्यात ५० व दुसऱ्यात ५०० मिळवले की साधारणपणे मेळ बसतो. संकटात सापडल्यावर टेलिफोनवरून आपले ठिकाण सांगताना कोणती पद्धत वापरत आहोत हे ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

चौथी गोष्ट निर्बंध. नेगेवचा बराच भाग लष्कराच्या गोळीबार-सरावासाठी राखीव आहे व ते क्षेत्र तक्त्यावर दाखविलेले असते. तेथून जाण्यापूर्वी लष्कराची संमती घ्यावी लागते. मुक्काम कोठे करता येतो तेही तक्त्यावर असते. हा भाग घाईत वगळू नये.

वाचताना काय पाहावे

नकाशाची लिपी बव्हंशी हिब्रू आहे, आणि आपल्या समाजातील ज्येष्ठ मंडळी तेथेच अडखळतात. वस्तुतः वीसएक शब्द आले की पुरे, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपल्या डोंगरदऱ्यांत चपखल प्रतिशब्द आहेत. 'नहल' म्हणजे ओढा, कोकणातला पऱ्या, जो येथे वर्षातून थोडेच दिवस वाहतो. 'एन' म्हणजे झरा. 'बोर' म्हणजे किल्ल्यावर असते तसे टाके. 'गेव' म्हणजे खडकातील डोह. 'हर' डोंगर, 'गिवा' टेकडी, 'ओखाफ' खिंड, 'माले' घाट. 'तेल' म्हणजे आपल्याकडचे पांढरीचे टेकाड, अर्थात वस्तीवर वस्ती चढून झालेली उंच जागा. 'हिर्बा' म्हणजे ओसाड गावठाण. 'मपल' म्हणजे धबधबा, पण वाळवंटात त्याचा अर्थ बहुधा पाणी नसलेला उभा कडा असा घ्यावा. 'मखतेश' म्हणजे शब्दशः उखळ. येरुहामजवळच्या त्या प्रचंड खळग्याच्या काठावर उभे राहिले की हे नाव देणाऱ्याला आपल्या स्वयंपाकघरातील वस्तू आठवली असावी अशी खात्री पटते.

यानंतर समोच्च रेषा. एकाच उंचीची स्थळे जोडणाऱ्या या तपकिरी रेषा म्हणजे नकाशाचा प्राण होय. दोन रेषांत किती मीटरांचे अंतर आहे ते प्रथम समासात पाहावे. रेषा विरळ असतील तर उतार सौम्य, दाट असतील तर तीव्र, आणि एकमेकींस चिकटल्या असतील तर तेथे कडा आहे. ओढ्याला ओलांडताना रेषेचे टोक वरच्या बाजूस, म्हणजे पाणी जेथून येते तिकडे वळते. डोंगराच्या सोंडेवर ते खालच्या बाजूस वळते. एवढे डोळ्यांत बसले की कागदावर दरी व सोंड वेगळ्या दिसू लागतात. मृत समुद्राच्या परिसरात आकड्यांपूर्वी वजाचे चिन्ह असते. तेथे उणे ३०० हे उणे ४०० हून उंच, हे थकलेल्या मनास चटकन आठवत नाही.

वेळेचा हिशेबही याच रेषांवरून होतो. स्कॉटलंडचा गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा आजही वापरात आहे. दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्याशिवाय दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. तो थंड देशातील धडधाकट माणसासाठी आहे. उन्हात, मुलाबाळांसह वा माझ्या वयात त्यात निम्म्याने भर घालावी.

होकायंत्र जवळ असल्यास हेही ध्यानात ठेवावे की त्याची सुई खऱ्या उत्तरेपासून या देशात सध्या सुमारे ५ अंश पूर्वेकडे ढळते. एका किलोमीटरात तेवढ्याने जवळजवळ ८७ मीटरांची चूक होते. दोन समांतर ओढ्यांपैकी चुकीचा निवडण्यास ती पुरेशी आहे.

रंगांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाटेचा लाल वा काळा रंग अवघडपणा दर्शवीत नाही. हिरवी वाट म्हणजे सोपी वाट असे समजून आजी-आजोबांना लोखंडी शिड्यांच्या वाटेवर नेल्याचे मी पाहिले आहे. अवघडपणा रेषा सांगतात, रंग केवळ वाट चुकू नये म्हणून असतो.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट पुराची. २६ एप्रिल २०१८ रोजी नहल त्सफीतमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात दहा तरुण जीव वाहून गेले. वाळवंटातील पूर डोक्यावर पाऊस नसतानाही येतो, कारण पाऊस दूरच्या डोंगरावर पडलेला असतो. नकाशा पावसाचा अंदाज देत नाही, पण एक गोष्ट निश्चित सांगतो. आपण ज्या अरुंद घळीत शिरणार आहोत तिला वरच्या बाजूने किती ओढे येऊन मिळतात, हे बोटाने मागे मागे जात पाहता येते. जितका पसारा मोठा तितका धोका मोठा. पावसाची शक्यता असलेल्या दिवशी अशा घळीत शिरू नये. कोणताही कार्यक्रम, कोणतीही हौस, या नियमाहून मोठी नाही.

आजची मुले फोनवर नकाशा पाहतात, व त्यात वावगे काही नाही. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा तर स्वयंसेवकांनी आपण चाललेल्या वाटा नोंदवून रचलेला नकाशा आहे. चालणाराच तेथे नकाशाकार झाला आहे. परंतु फोनची वीज संपते. शिवाय ऑक्टोबर २०२३ नंतर युद्धामुळे उपग्रहांच्या संदेशांत मुद्दाम अडथळे आणले गेले तेव्हा या देशातील कितीतरी लोकांच्या फोनने ते बैरूतमध्ये असल्याचे दाखविले. घडीचा कागद पिशवीत असावा तो यासाठी.

त्या पेसाखनंतर मी जुना नकाशा फेकून दिला नाही. नातवाने नवा १:५०,००० चा तक्ता आणला. आम्ही दोन्ही शेजारी पसरले व ती वाट दोहोंवर शोधली. नव्यावर कडा स्पष्ट होता आणि त्याला वळसा घालणारी चिन्हांकित वाटही होती. जुन्यावरील टाक्याच्या खुणेशेजारी त्याने पेन्सिलीने हिब्रूत तारीख लिहिली व मी खाली मराठीत लिहिले, 'टाके आहे, पाणी नाही.' तेव्हापासून आमच्या घरी माणशी ५ लिटर पाणी घेतल्याशिवाय कोणी वाळवंटात जात नाही, नकाशावर कितीही झरे असोत.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी जुने नकाशे पडून असतील त्यांनी ते जपून ठेवावेत. चालण्यासाठी नवे घ्यावेत. आणि परत आल्यावर त्या नव्या कागदाच्या समासात आपण पाहिलेले दोन शब्द तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढे तो हाती घेणाऱ्या नातवंडाला ते खरे कोणत्या दिवशीचे होते हे कळेल.